खूण आढळली नाही

दोन कॅरट एकतीस. सोनाराच्या काट्यावर
अडीच रत्तींना केसभर जास्त.
आकार उशीचा: चारही कोपरे झिजवलेले,
कडा किंचित फुगलेल्या,
कुणी नुकतं डोकं उचलून गेल्यासारखा
मधला सपाट भाग.

हेमलता भालेराव रविवार पेठेतला आमचा जिना चढून आल्या.
खाली वह्या-पुठ्ठ्यांचं दुकान, वर माझी लॅब,
म्हणजे एक टेबल, एक मायक्रोस्कोप
आणि उत्तरेची खिडकी.
रुमालाची गाठ सोडवत म्हणाल्या,
सव्वीस वर्षं तिकिटं फाडली. ग्रॅच्युइटीतून घेतलाय.
नीलमच आहे ना, एवढं सांगा.
आणि मला मानवेल का?

पहिल्याचं उत्तर मला येतं.

खिडकीत धरला तर ओल्या पाटीचा रंग.
पिवळ्या बल्बखाली नेला
तर जांभळाच्या बीला चिकटून राहिलेला गर.
दोन खडे आहेत की काय, त्यांनी विचारलं.
एकच. उजेड बदलला की हा मत बदलतो.

मग आत उतरले.
आत रेशीम होतं.
आम्ही रेशीमच म्हणतो त्याला: बारीक सुया,
तीन दिशांनी विणलेल्या, कुठेही न तुटलेल्या,
आणि त्यांच्यातून प्रकाश असा सावकाश चाललेला
जसं लग्नघरात रात्री कोणी
झोपलेल्यांच्या मधून पाय टाकत पाण्याला जातं.
भट्टीत आधी हेच जातं.
खडा काचेसारखा स्वच्छ होतो, भाव चढतो,
आतलं विणकाम ठिपक्याठिपक्यांनी विरतं.

बाबा मागच्या खोलीत कोळशावर फुंकणी धरायचे.
गाल फुगलेले, डोळे लाल.
मळकट खडे उजळून बाहेर यायचे
आणि पुढच्या खोलीत, गादीवर बसल्यावर,
'जमिनीतून निघाला तस्साच' म्हणायचे बाबा.
मी तेव्हा बे एके बे.
शाळेत सांगितलंही असेल कौतुकानं,
आमच्या घरी दगड भाजतात.

अहवालात 'तापवलेला नाही' असं लिहीत नाहीत.
लिहितात: तापवल्याची खूण आढळली नाही.
एवढंच.
बाबांच्या अंगठ्यावर, तर्जनीवर आढळायची.
त्यांचा अहवाल कोणी मागितला नाही.

मानवण्याचं काय सांगणार?
पेठेत सांगतात तेच सांगितलं,
तीन रात्री उशाखाली ठेवा.
वाईट स्वप्न पडलं तर परत करा.
उशीखाली उशी, त्या म्हणाल्या,
आणि रुमालाला पुन्हा तीच गाठ मारली.

चौथ्या दिवशी आल्या, चांगल्या साडेदहाला.
स्वप्न पडलंच नाही हो.
पहिल्या रात्री जागीच, चोरीला जाईल म्हणून.
दुसऱ्या रात्री जागी, कारण पहिल्या रात्री जागी.
तिसऱ्या रात्री लागली.
निवृत्त होऊन चार महिने झाले,
तरी डोळे चारला उघडायचे म्हणजे उघडायचे.
काल उठले ती पावणेआठला!
पावणेपाचची कात्रज स्वारगेटवरून निघून गेली
आणि मला पत्ताच नाही.

म्हणजे मानवला?
ते मला कसं कळणार, त्या म्हणाल्या.
तुम्हीच लिहा,
त्रास आढळला नाही.

प्रल्हाद जडिया कुरकुरला. पोट जड आहे,
कापणाऱ्यानं वजन वाचवलंय,
कोंदण उंच घ्यावं लागेल, गर्दीत कुठेही अडकेल.
मापाच्या कड्या एकेक बोटात घालून बघत
हेमलताबाई म्हणाल्या, आता कुठली गर्दी.
पोट माझंही आहे. राहू दे त्याचं.

सतरा नंबरची कडी बसली.
खडा खिडकीशी होता, पाटीसारखा.
मी दिवा लावला नाही.